सहावा झगा

१

ताईने हाक मारली होती का?

धाकट्याला एवढंच विचारायचं होतं. बुडणारं माणूस हाक मारतं. तिच्यापासून ऐंशी पावलांवर दोघं जण काम करत होते. तिने हाक मारली असेल तर ते गेले का नाहीत? आणि मारली नसेल, तर का नाही मारली? त्याने त्या दोघांतल्या दाढीवाल्याला विचारलं. दाढीवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. चष्मेवालीला विचारलं. तिने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. प्रकल्पाच्या प्रमुखाला सगळे मास्तर म्हणत, त्यालाही विचारलं. तो आपल्या भाषेत बराच वेळ बोलला आणि मावशीने त्या सगळ्याचं एका वाक्यात मराठी करून टाकलं.

"तो म्हणतो, फार गुणी पोरगी होती."

"हे मी विचारलंच नाही."

"कळतंय रे मला. तू आधी दोन घास खाऊन घे."

मावशी तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या परक्या मुलखात आलेली. नवरा गेला, ती राहिली. आता प्रकल्पावर पक्ष्यांसाठी मासे कापायची आणि कपडे धुवायची. तिथे आलेले देशोदेशीचे लोकही तिला मावशीच म्हणत, कारण त्यांना ते तिचं नाव वाटायचं.

पाणथळीतून नाहीसे होत चाललेले करकोचे तिथे वाढवत. अंडी यंत्रात उबवायची, पिलं वाढवायची आणि थंडीआधी रानथव्यात सोडून द्यायची. ताई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सहा महिन्यांची रजा टाकून ती या कामाला आली होती, बिनपगारी. एका धुक्याच्या सकाळी एक पिलू कुंपणाच्या फटीतून खोल पाण्याकडे गेलं. ती त्याच्यामागे गेली. पिलू परत आलं. अकरा दिवस शोधून तिचा एक बूट मिळाला.

धाकटा आठवीतून शाळा सोडलेला, वेल्डिंगच्या दुकानात कामाला. डोकं असं की ठिणगी पडायचा अवकाश. ताई त्याला 'तोफ' म्हणायची. तो तिची बॅग न्यायला आला होता, चार दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता पाहिला. तिच्या नावापुढचे दहा आठवडे कोरे होते. त्याने खडू उचलला आणि त्या चौकटींत स्वतःचं नाव लिहीत सुटला. मास्तरला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

घरी फोन केला तर आई म्हणाली, "तू? तुला कधी कोंबडी तरी पाळता आली का?"

"तिची सात पिलं आहेत, आई."

"मग नीट सांभाळ. ती आली की विचारेल."

"आई, अगं..."

"सापडली का ती? नाही ना? मग आत्तापासून रडायचं कशाला?"

२

कुंपणाला लागून झग्यांची खोली होती. एक दार माणसांकडे, दुसरं पिलांकडे, आणि मधल्या भिंतीवर सहा खुंट्या. पाच खुंट्यांवर पायघोळ पांढुरके झगे. प्रत्येकाला टोपडं जोडलेलं, तोंडावर बारीक जाळी. आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं काही नाही. सहावी खुंटी रिकामी होती. तो झगा तिच्या अंगावरच गेला.

उजव्या हातावर चोच चढवायची. चोच म्हणजे करकोच्याची मान आणि डोकं, कोपरापर्यंत येणारं, कपाळ लाल, डोळे काचेचे. बोटांनी उघडमीट करून तिनेच मासा भरवायचा. कमरेला एक डबी. बटण दाबलं की त्यातून आईपक्ष्याची घुरघुर वाजे. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की दुसरं दार ओलांडलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. शिंक आली तर गिळायची. पाय मुरगळला तर मुकाट मुरगळू द्यायचा.

"पिलू आधी जे बघतं, ऐकतं, ते त्याचं सगं," मावशी सुरी चालवत सांगत होती. "माणूस बघितला की माणसामागे फिरतं. मागच्या खेपेला काही असेच बिघडले. दोन कुणाच्या तरी शेतात उतरले, माणूस दिसला म्हणून लाडाने धावत गेले. त्याने बंदूक उचलली."

"आणि बिघडलेले बाकीचे?"

"ते बघ पलीकडे. जाळीत. जन्मभर."

पहिल्या दिवशी तो आत गेला तेव्हा सातही पिलं त्याच्याकडे पळत आली. पिलं कसली, कमरेएवढी झाली होती. पायांत रंगीत कड्या. तांबड्या कडीचं कोणतं ते मावशीने आधीच सांगितलं होतं. त्याच्यामागेच ताई गेली होती.

याच्यासाठी? धाकट्याच्या मनात आलं, ही बोटाएवढी मान पिरगाळायला कितीसा वेळ लागेल. त्याने चोच पुढे केली. पिलाने मासा हळूच घेतला, अगदी सांभाळून, जणू समोरच्याला लागेल म्हणून. आणि मग ते त्याच्या झग्याला अंग टेकून उभं राहिलं.

जाळीच्या आत धाकट्याचं नाक वाहत होतं. पुसायलाही येत नव्हतं.

३

तिसऱ्या आठवड्यात सकाळी एकदा मास्तर शहरात गेला होता. आत तिघंच होते. दाढीवाला पाण्याच्या टाकीशी, चष्मेवाली फाटकाशी, धाकटा मधे. झगे सगळे सारखे, तरी इतक्या दिवसांत तो चाल ओळखायला लागला होता. दाढीवाला फेंगडा चालायचा आणि चष्मेवाली टाचा घासत.

लव्हाळ्यांच्या कडेला आणखी एक झगा उभा होता.

मास्तर परत आला असेल, असं त्याला वाटलं. त्याने बादली खाली ठेवली, पिलांना मोजलं, आपल्यातली माणसं मोजली. धुकं पातळ होतं, दुधात पाणी घातल्यासारखं. तो झगा गुडघाभर पाण्यात होता आणि मान थोडी तिरकी होती. पिलं एकेक करून तिकडे निघाली, शाळा सुटल्यासारखी.

मग त्याचं लक्ष हाताकडे गेलं. त्या झग्याची चोच डाव्या हातावर होती.

इथे सगळे उजवे. डावखुरी एकच होती. लहानपणी ताटावर तिच्या शेजारी बसलं की कोपराला कोपर लागायचं आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं.

तो बघत राहिला. टाचा घासत चष्मेवाली त्याच्या समोरून गेली आणि तेवढ्यात लव्हाळी नुसतीच लव्हाळी झाली.

पिलं परतली तेव्हा त्याने सगळ्यांना चोचीतून मासा दाखवला. एकानेही तोंड लावलं नाही. सातांच्याही गळ्याखालची पिशवी टम्म भरलेली होती. त्याच्या बादलीतला एक मासा कमी झाला नव्हता.

४

"आज आत किती जण होतो आम्ही?"

"तिघं. का रे?"

"चौथं कुणी गेलं होतं?"

मावशीने माशाचं डोकं उडवून बाजूला सारलं. "धुक्यात एकाचे दोन दिसतात, बाळा. मला तर या वयात उन्हातही दिसतात."

"डाव्या हाताला चोच होती."

"आरशात बघितल्यासारखं होतं कधी कधी पाण्यावर." आणि मग थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, "पिलं धष्टपुष्ट आहेत ना? मग झालं तर."

दुपारी तो झगा टांगायला गेला. खोलीत कुणी नव्हतं. दोन्ही दारं बंद. पाच झगे भिंतीला पाठ लावून उभे असल्यासारखे, टोपडी पुढे झुकलेली. आणि घुरघुर चालू होती.

कुणीतरी डबी बंद करायची विसरलं असेल. त्याने पहिल्या झग्याची डबी हातात घेतली. बंद. दुसरी बंद. पाचही बंद. स्वतःच्या डबीचा तर त्याने सेलच काढून टाकला. आवाज थांबला नाही. बारीक, घशातल्या घशातला, कधी थांबणारा आणि श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारा. तो सहाव्या खुंटीखाली जाऊन उभा राहिला. तिथे तो आवाज त्याच्या कपाळाच्या उंचीवर होता, म्हणजे झगा टांगलेला असता तर टोपड्याचं तोंड जिथे आलं असतं तिथे.

तो बाहेर आला आणि मावशीला म्हणाला, "या डब्यांत भरलाय तो कुठल्या पक्ष्याचा आवाज आहे?"

मावशीने हात धुतले, पदर नव्हता तरी सवयीने पुढ्यातल्या फडक्याला पुसले. "जुना आवाज खराब झाला होता. खरखर यायची, पिलं घाबरायची. तेव्हा तुझ्या ताईने स्वतःच्या गळ्याने काढून दिला. अगदी हुबेहूब. मास्तर सुद्धा फसला." तिने फडकं पिळलं. "तुला सांगणार होते. मग म्हटलं, कशाला."

तीन आठवडे तो ताईला कमरेला बांधून हिंडत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून तो दुपारच्या सुट्टीत ती डबी उशीशी घेऊन पडायचा. बटण दाबायचा. नऊ सेकंदांची घुरघुर, मग एक अगदी लहानसा श्वास, मग पुन्हा तीच. त्या श्वासासाठी तो बटण दाबायचा.

५

आता तो तिला शोधतच आत जायचा. कधी चार दिवस काही दिसत नसे. कधी लागोपाठ दिसे, नेहमी लव्हाळ्यांशी, नेहमी पाण्यात. बाकीचे बघतात की नाही ते कळायला मार्ग नव्हता. जाळीमागे कोण कुठे बघतं हे कुणालाच कळत नाही. एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं की लव्हाळ्यांकडच्या बाजूला कुणी काम काढून जात नसे.

आपलंच डोकं फिरलं असेल, असंही त्याने म्हणून बघितलं. दुःखात माणसाला काय काय दिसतं. पण दुःखाने पिलांची पोटं भरत नाहीत.

एका सकाळी ती जवळ आली होती. वीस पावलांवर. ऊन होतं, धुकं नावालाही नव्हतं. झग्याच्या बाहीतून पाणी गळत होतं, एका धारेने, नळ नीट बंद न केल्यासारखं. तांबड्या कडीचं पिलू तिच्या पायाशी होतं. आणि धाकट्याला राहवलं नाही. तोफच ती.

"ताई!"

सगळं आवार थिजलं. दाढीवाला वळला. सातांपैकी सहा पिलं पंख फाकवून मागे सरली. तांबडी कडी मात्र मान वर करून त्याच्याकडे बघायला लागली, एका डोळ्याने, मग दुसऱ्या. मग दोन पावलं त्याच्याकडे आली.

पलीकडे फक्त पाणी हलत होतं.

मास्तरने त्याला खोलीत नेऊन आवाज न चढवता झापलं. मावशी बाजूला उभी राहून मराठी करत होती. "तो म्हणतो, एक हाक आणि एक जन्म जाळीत. तो म्हणतो, तुझ्या बहिणीने बुडतानासुद्धा..." इथे मावशी अडखळली.

"बहिणीने काय?"

"काही नाही. म्हणतो, उद्यापासून आत जायचं नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने आईला फोन लावला. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "आई, मला ताई दिसते."

आईने विचारलं, "अंगात काही गरम घातलंय का तिने?"

"झगा आहे. ओला."

"मग घेऊन ये रे तिला. थंडी सोसत नाही तिला. काहीही कर, पण घेऊन ये."

६

सोडायच्या आधी पिलांना माणसांची भीती घालावी लागे. त्याला हुसकावणी म्हणत. झगे नाहीत, टोपडी नाहीत. साध्या कपड्यांत कुंपणाबाहेर उभं राहायचं, डबे बडवायचे, ओरडायचं. पक्ष्यांनी शिकायचं की उघड्या तोंडाचा प्राणी वाईट.

"मास्तर म्हणतो, तुझा आवाज वाया कशाला घालवायचा," मावशी म्हणाली. "आणि ती तांबडी कडी बिघडवलीस ना, तूच सुधार."

धाकट्याने जीव खाऊन डबा बडवला. पक्षी घाबरले, तांबडी कडी सगळ्यांत जास्त. ते बघून त्याला बरंही वाटलं आणि रडूही आलं. पण ते उडाले नाहीत. सातही लव्हाळ्यांकडे धावले आणि तिथे एकमेकांना चिकटून उभे राहिले, आईच्या मागे लपावं तसे. शेजारी दाढीवाला डबा वाजवत होता. त्याने तिकडे एकदा बघितलं, लगेच मान फिरवली आणि डोळे मिटून वाजवत राहिला.

मग रानथवा उतरला. शेकडो करकोचे, पाणथळीच्या पलीकडच्या उथळ भागात. दोन दिवस थांबून ते उबदार मुलखाकडे निघून जात. फाटकं उघडली. सातांनी जायला हवं होतं. पंख तयार, वारा चांगला. ते दोन-चारदा उडाले, थव्यावरून एक घिरटी घातली आणि परत येऊन लव्हाळ्यांत उतरले. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थव्यात गडबड सुरू झाली. पुढचे उठायला लागले.

मास्तर दुर्बीण लावून उभा होता. तो काही म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, त्यांना काहीतरी धरून ठेवतंय." मावशीचा आवाज बारीक झाला. "थवा गेला की झालं. पाणी गोठेल. मग ही सातही जाळीत."

धाकटा कुणाला न विचारता झग्यांच्या खोलीत गेला. मास्तरने त्याला बघितलं आणि अडवलं नाही. झगा चढवला, टोपडं ओढलं, चोच, डबी. बादलीत सात मासे टाकले. मनात एकच होतं. तिला घेऊन यायचं. ती आली की ते मागोमाग येतील, मग तिला दारातून आत, आणि घरी. आईला सांगितलेलं होतं.

७

पाणी गार होतं. गुडघे, मांड्या, कंबर. लव्हाळी बाजूला करत तो गेला तेव्हा ती तिथेच होती. सातही जण तिच्याभोवती.

इतक्या जवळून त्याने तिला पाहिलं नव्हतं. झग्याला शेवाळ धरलं होतं. घुरघुर चालू होती, पण डबीतली नव्हे. मधला श्वास तेवढा येत नव्हता. तिने चोच पुढे केली, डाव्या हाताची. चोचीत एक बारीक चंदेरी मासा होता, जिवंत. तो तिने धाकट्याच्या तोंडासमोर धरला.

आई कामावर जायची तेव्हा हीच त्याला भरवायची. आता हा, मग हा, आणि हा शेवटचा. शेवटचा कधीच शेवटचा नसायचा.

तो पुढे सरकला. चोच तेवढीच मागे गेली. तो आणखी पुढे. पाणी छातीला आलं. ती मागे सरकते आहे हे त्याला कळत होतं. पिलाला फाटकाकडे न्यायचं तर असंच नेतात, घास दाखवत, एकेक पाऊल. त्याने स्वतः कितीदा नेलं होतं. पण तिच्या मागे फाटक नव्हतं. आणि पक्षीही तिच्याबरोबर सरकत होते, पाय टेकेनात तरी.

त्याने तिच्या जाळीत डोकावलं. आत चेहरा असेल, हाडं असतील, काही नसेल, सगळ्याची त्याने तयारी केली होती. जाळीच्या आत पाणी होतं. उभं. खिडकीच्या काचेमागे भरल्यासारखं, थेंबही न सांडता. आणि त्या पाण्यात खोलवरून काहीतरी काचेशी यायला निघालं, दार वाजलं की घरातलं माणूस येतं तसं, लगबगीने.

तो आणखी एक क्षण थांबला असता तर त्याने ते पाहिलं असतं. इतके आठवडे त्याला हवं होतं ते तेवढंच.

वर आकाशात थवा उठला होता. कर्र-कर्र करत रांगा जुळत होत्या. सातांपैकी एकानेही मान वर केली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते, त्याच्यासारखेच.

धाकट्याने टोपडं ओढून काढलं. झगा फाडल्यासारखा उतरवला आणि पाण्यात सोडून दिला. उघड्या तोंडाने, वाहत्या नाकाने तो समोर उभा राहिला. बादली उपडी केली.

"जा!"

पक्षी फडफडले आणि तिच्या आणखी जवळ गेले. ती हलली नाही. चोचीचं डोकं फक्त तिरकं झालं, ओळखीचा आवाज ऐकल्यावर होतं तसं. बाही वर उठायला लागली. त्याच्या गालाकडे. डोळे पुसायला असेल.

आणि तेव्हा त्याला कळलं की पक्ष्यांना हुसकावून काही होणार नाही.

त्याने डोळे मिटले. बादलीच्या बुडावर मूठ हाणली, दुसऱ्यांदा हाणली, आणि लोकांच्या ओट्यावरच्या कुत्र्यालाही कधी म्हटलं नव्हतं अशा आवाजात म्हणाला, "हाड!"

घुरघुर थांबली.

"हाड! चल, नीघ! कोण आहेस तू? कोण लागतेस आमची? हाड!"

जवळच पाणी सपकन मिटलं. मग सात जोड पंख एकदम पाण्यावर आपटले, वारा त्याच्या तोंडावर आला, डोक्यावरून गेला, उंच गेला. त्याने डोळे उघडले नाहीत. काठावरून मावशी ओरडत होती, "गेले रे! गेले सगळे, बाहेर ये!" पण काय गेलं आणि काय अजून समोर उभं आहे हे बघायची त्याची छाती नव्हती. छातीभर पाण्यात, मिटल्या डोळ्यांनी, मूठ फुटेपर्यंत बादली बडवत तो आपल्या सख्ख्या बहिणीला हाड हाड करत राहिला.